ख्रिस्ती माणूस मेल्यावर आत्मा लगेच पोचतो, की मध्ये कुठं थांबतो?

शहापूरकर
बेळगावात एकाच घराण्यात अर्धे कॅथलिक आणि अर्धे मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) अशी सोयरीक बरीच दिसते. कुणी वारलं की फरक उघडा पडतो. कॅथलिक बाजू सातव्या दिवसाची, महिन्याची, वर्षाची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ठेवते. मेथडिस्ट सोयरे येतात, बसतात, जेवतात, पण मृतासाठी प्रार्थना म्हणायची वेळ आली की गप्प. बायबल एक, ख्रिस्त एक, मग मेल्यानंतरचे रस्ते वेगळे कसे? स्वर्ग, नरक आणि ते मधलं ठिकाण यांचा नेमका क्रम काय? आपल्या पितृपक्षासारखं त्यांच्यात काही आहे का? धर्मांतर आणि राजकारण या धाग्यावर नको, ही विनंती.

घटप्रभा एक्स्प्रेस
कावळा शिवतो का, तेवढं आधी सांगा.

कॅम्पकर
कावळ्याला आमच्यात ड्युटी नाही. बाकी क्रम सांगतो, कॅथलिक शिकवणुकीचा.

प्राण गेला की त्याच क्षणी त्या एकट्या माणसाचा न्याय होतो. निकाल तीन प्रकारचे: थेट स्वर्ग, शुद्धीस्थान (खानापूर-लोंढ्याकडचे कोकणी बोलणारे पुरगतोर म्हणतात), किंवा नरक. जगाच्या अंती सगळ्यांचा मिळून न्याय होतो तो वेगळा. तेव्हा शरीरं उठतात आणि प्रत्येकाच्या कृत्यांचे परिणाम कुठवर गेले ते सगळ्यांसमोर येतं, पण पहिला निकाल फिरत नाही. त्यानंतर शुद्धीस्थान उरत नाही, स्वर्ग आणि नरक दोनच.

हा 'त्याच क्षणी' भांडून ठरलेला आहे. पोप २२वे योहान यांनी १३३१ मध्ये प्रवचनांतून मांडलं की नीतिमानांच्या आत्म्यांनाही देवाचं पूर्ण दर्शन शेवटच्या न्यायानंतरच होईल. त्यावर पॅरिसच्या धर्मपंडितांनी रान उठवलं. १३३४ मध्ये मरणशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतलं, आणि पुढचे पोप १२वे बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये लेखी निर्णय दिला: शुद्ध आत्म्यांना दर्शन लगेच, घोर पापात मेलेल्यांना नरकही लगेच.

शुद्धीस्थानाला लोक छोटा नरक समजतात. तसं नाही. तिथं गेलेला प्रत्येक जण स्वर्गातच जाणार, शंकाच नाही. पापाची क्षमा झालेली असते, पण त्या पापाची ओढ आणि त्याची भरपाई बाकी असते, ती तिथं फिटते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये याबद्दल ठामपणे दोनच गोष्टी सांगितल्या: शुद्धीस्थान आहे, आणि तिथल्या आत्म्यांना जिवंत माणसांच्या प्रार्थनांची, विशेषतः मिस्साची मदत होते. आग कसली, जागा कुठं, वर्षं किती, हे काहीच ठरवलं नाही. उलट बिशपांना बजावलं की असले किचकट प्रश्न साध्या लोकांपुढं प्रवचनात काढू नका आणि ज्याला पैशाचा वास येतो ते बंद करा. हा दुसरा भाग आमचेच लोक विसरतात.

वेस्लीवाला
पैशाचा वास आला म्हणूनच तर सगळं सुरू झालं. १५१७ मध्ये प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा ल्यूथर उठला तो पापदंडमुक्तीच्या (पापाचा उरलेला दंड माफ होण्याच्या) पत्रांच्या विक्रीवरून. ट्रेंटची परिषद ही त्यानंतरची डागडुजी.

शहापूरकर, मेथडिस्ट गप्प का बसतात ते सांगतो. आमच्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने १७८४ मध्ये अँग्लिकन चर्चचे ३९ विश्वासलेख कापून मेथडिस्टांसाठी छोटी यादी केली. त्यातल्या १४व्या लेखात शुद्धीस्थानाची कल्पना शास्त्राधार नसलेली म्हणून साफ नाकारली आहे. बेळगावात प्रोटेस्टंट काम १८२० मध्ये लंडन मिशनने सुरू केलं आणि १९०४ मध्ये मेथडिस्टांच्या हवाली केलं. दोघंही या मुद्द्यावर एकच बोलणारे, त्यामुळे इथल्या जुन्या प्रोटेस्टंट घरांत मृतांसाठी प्रार्थना कधी रुजलीच नाही.

कॅथलिकांचा मुख्य आधार मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा १२वा अध्याय. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्यांत मूर्तींचे ताईत सापडले, तेव्हा यहूदा मक्काबीने चांदीच्या दोन हजार द्राख्मा गोळा करून यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवल्या. पण तो ग्रंथ प्रोटेस्टंट बायबलमध्येच नाही. म्हणजे शहापूरकर, 'बायबल एक' इथंच तुमचं गणित चुकतंय. आमच्याकडे ६६ पुस्तकं, त्यांच्याकडे ७३.

आमच्या बाजूने लूक २३:४३. वधस्तंभावरच्या चोराला ख्रिस्त म्हणतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्या चोराचा बाप्तिस्मा नाही, महिन्याची मिस्सा नाही, तरी 'आज'. म्हणून आमच्या दफनविधीत मृताबद्दल देवाचे आभार असतात, घरच्यांसाठी सांत्वन मागतात, पण 'याला वर घे' अशी विनवणी नसते. सोयरे मिस्साला गप्प बसतात त्यात अनादर काही नाही.

निपाणीचा तर्कट
म्हणजे एका घरात आजी पोचल्या आणि दुसऱ्या घरात अजून प्रवासात. आजी त्याच!

ते राहू द्या. नरकात नेमकं असतंय काय? कढई, शेपूटवाला सैतान, हातात काटा?

हलशीकर
बायबलमध्ये यातलं एकही नाही. आणि सैतान तिथला मालक तर मुळीच नाही. प्रकटीकरण २०:१० मध्ये त्यालाच अग्निसरोवरात टाकतात. तो तिथं जेलर म्हणून जात नाही, कैदी म्हणून जातो.

बायबल वाचताना घोळ कुठं होतो ते सांगतो, कारण बरेच वाद तिथून निघतात. जुन्या करारात शिओल आहे, ग्रीकमध्ये त्याला हेडीस. मराठीत अधोलोक. तिथं चांगले-वाईट सगळेच मेलेले जातात. गेहेन्ना वेगळं, तो नरक. यरुशलेमच्या दक्षिणेची हिन्नोमची दरी, जिथं मुलांचे अग्नीत बळी दिले जात म्हणून यिर्मयाने तिला शाप दिला. नव्या करारात गेहेन्ना १२ वेळा येतं, त्यातल्या ११ वेळा खुद्द येशूच्या तोंडी आणि एकदा याकोबाच्या पत्रात. पौलाच्या पत्रांत एकदाही नाही. लूक १६ मधला श्रीमंत माणूस तहानेने तळमळतो तो अधोलोकात, अंतिम न्यायाच्या आधी. लोक ती गोष्ट अंतिम नरकाचा नकाशा म्हणून वाचतात आणि गोंधळतात.

प्रवचनांत नेहमी सांगतात की ती दरी म्हणजे शहराचा उकिरडा होता आणि तिथं कायम आग धुमसत असायची. ऐकायला पटतं, पण येशूच्या काळातला त्याचा लेखी पुरावा नाही. हे पहिल्यांदा दिसतं ते सुमारे १२०० सालच्या एका यहुदी भाष्यकाराच्या, दाविद किम्हीच्या लिखाणात.

नरकाची नऊ वर्तुळं वगैरे १४व्या शतकातल्या इटालियन कवी दांतेची. आणि गंमत म्हणजे त्याच्या नवव्या, सगळ्यात खालच्या वर्तुळात आग नाहीच, गोठलेलं सरोवर आहे.

घटप्रभा एक्स्प्रेस
डिसेंबरातला बेळगावचा कॅम्प म्हणा की सरळ.

कॅम्पकर
हलशीकरांना दुजोरा. चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात नरकाची मुख्य शिक्षा देवापासून कायमचं तुटणं अशी दिली आहे. घोर पाप पश्चात्ताप न करता धरून मेला तरच. घोर पापालाही तीन अटी: गोष्ट गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी, आणि स्वतःहून, पूर्ण संमतीने केलेली हवी. एक जरी कमी पडली तरी ते घोर पाप होत नाही. चर्चने हजारोंना संत घोषित केलं, पण अमुक माणूस नरकात आहे असं एकाही माणसाबद्दल अधिकृतपणे कधी सांगितलेलं नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतबद्दलही नाही.

तरी नरक बाजूला टाकलाय असं समजू नका. पोर्तुगालातल्या फातिमात १३ जुलै १९१७ रोजी मेंढपाळ मुलांना नरकाचं दर्शन झालं असं मानतात. जपमाळेच्या प्रत्येक दशकानंतर (दहा मण्यांच्या गटानंतर) 'नरकाच्या अग्नीपासून आम्हांला वाचव' ही जी छोटी प्रार्थना म्हणतात, ती तिथूनच आली. आपलं बेळगावचं कॅथेड्रल त्याच फातिमा मातेच्या नावाचं.

मलप्रभाकाठ
एक तिसरी बाजू राहिली. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट म्हणतात की मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत झोपलेलाच असतो, त्याला काही कळत नाही (उपदेशक ९:५). शेवटी दुष्ट कायमचे जळत राहत नाहीत, जळून संपतात. यहोवाचे साक्षीदार तर यातनेचा नरक मानतच नाहीत. आणि केरळी ऑर्थोडॉक्स कुटुंबं मृतांसाठी प्रार्थना करतात, ४०वा दिवस पाळतात, पण कॅथलिकांसारखं शुद्धीस्थान मानत नाहीत.

सगळेच शेवटी तरतील असंही म्हणणारे होते, तिसऱ्या शतकातला ओरिजेन त्यातला ठळक. त्याच्या नावावरची ती शिकवण सहाव्या शतकात धिक्कारली गेली. पण जवळपास तसंच लिहिणारा न्यिसाचा ग्रेगरी आजही संत आहे!

वडगावची अक्का
बाप्तिस्मा व्हायच्या आधी बाळ गेलं तर? जुन्या बायका म्हणतात त्याला स्वर्ग नाही आणि नरकही नाही, मधेच ठेवतात.

कॅम्पकर
ते लिंबो. मध्ययुगीन पंडितांचं मत होतं, सिद्धांत कधीच नव्हता. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईश्वरशास्त्र आयोगाने लिहिलं की अशी बाळं तरतील अशी आशा ठेवायला गंभीर कारणं आहेत. आई-बापांचा बाप्तिस्मा द्यायचा विचार होता, तर बिशपांच्या परवानगीने त्या बाळाचा दफनविधीही चर्चमधून करता येतो. चर्चच्या कायद्यातला क्रमांक ११८३. आणि बाळ अत्यवस्थ असेल तर फादरांची वाट बघायची नाही. नर्स, शेजारीण, अगदी हिंदू बाई असली तरी चालते. साधं पाणी डोक्यावर ओतत 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते' एवढं म्हणायचं. चर्चची इच्छा तीच माझी इच्छा, एवढं मनात असलं की झालं. चूक होते ती अशी: एक जण पाणी ओततो आणि दुसरा शब्द म्हणतो. तो बाप्तिस्मा धरत नाहीत, दोन्ही एकाच माणसाने करायचं.

निपाणीचा तर्कट
धड इकडे नाही, धड तिकडे नाही, मधेच ठेवलेलं. म्हणजे आपला सीमाभागच की! १९५६ पासून लिंबोत. त्या बाळांचा निकाल २००७ ला लागला, आपला दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात.

घटप्रभा एक्स्प्रेस
😂 तारीख पे तारीख. शेवटच्या न्यायाच्या दिवशीच बोर्डावर येणार.

संपादक
राजकारण नको असं धागाकर्त्याने आधीच म्हटलंय. विनोद ठेवतो, पण इथंच थांबा.

वडगावची अक्का
अजून एक. आत्महत्या केलेल्याला चर्चमध्ये घेत नाहीत म्हणतात, ते खरं काय?

कॅम्पकर
१९१७ च्या कायद्यात तसं होतं, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचं दफन नाही. १९८३ च्या नव्या कायद्यातून ते गेलं. तीव्र मानसिक त्रास, भीती, यातना यांनी जबाबदारी कमी होते असं धर्मशिक्षण ग्रंथच सांगतो, आणि अशांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये असंही. म्हणजे वर सांगितलेली 'पूर्ण संमती'ची अट. आज कुणी जुना नियम सांगून अडवत असेल तर त्याला १९८३ सांगा.

हलशीकर
दहनाचंही तसंच. १९६३ पासून कॅथलिकांना परवानगी आहे, फक्त पुनरुत्थान नाकारायला म्हणून करायचं नाही. रक्षा नदीत सोडायची नाही, हवेत उधळायची नाही, पवित्र जागेत ठेवायची. आपल्याकडच्या मिश्र घरांत इथंच अडतं: अर्धे नातेवाईक मलप्रभेला निघालेले, अर्धे कब्रस्तानाकडे. हे अग्नी द्यायच्या आधी ठरवायचं, नंतर भांडण हमखास.

शहापूरकर
छान माहिती मिळतेय. पितृपक्षाचं राहिलं. आणि महिन्याची मिस्सा म्हणजे ३० मिस्सा का? दोन्ही ऐकलंय.

कॅम्पकर
दोन्ही वेगळं.

महिन्याची मिस्सा म्हणजे मृत्यूनंतर साधारण तिसाव्या दिवशी एक मिस्सा. तिसरा, सातवा, तिसावा आणि वर्ष, हे जुने दिवस. ग्रेगोरियन मिस्सा म्हणजे एकाच मृतासाठी सलग ३० दिवस रोज एक. पोप पहिले ग्रेगरी (५९०-६०४) यांच्या मठातली गोष्ट आहे: युस्तुस नावाच्या संन्याशाने तीन सोन्याची नाणी लपवली होती, त्याच्या मरणानंतर त्याच्यासाठी ३० दिवस मिस्सा केली. ही मिस्सा जिवंत माणसासाठी चालत नाही, आणि दोघांची नावं एकत्र टाकता येत नाहीत. एकाच फादरने सगळ्या करायला हव्यात असं मात्र नाही. मध्येच फादर आजारी पडले किंवा दफन-लग्न आलं म्हणून दिवस चुकला तर मालिका फुकट जात नाही, १९६७ च्या खुलाशानुसार उरलेल्या मिस्सा होईल तितक्या लवकर पुऱ्या करायच्या. पण पॅरिशला (स्थानिक चर्चला) ३० दिवस अडकवून ठेवणं जड जातं, इतर लोकांच्या मिस्सा कुठं बसवणार? म्हणून बहुतेक वेळा या मिस्सा मठांकडे किंवा सेमिनरीकडे पाठवतात.

पितृपक्षाच्या जवळ जाणारा दिवस २ नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस. कोकणीत अल्मांचो दीस. त्या दिवशी प्रत्येक फादरला तीन मिस्सा करता येतात, ही सवलत १९१५ मध्ये पोप १५वे बेनेडिक्ट यांनी दिली. त्यातल्या एकीसाठीच दान ठेवता येतं, दुसरी सगळ्या मृतांसाठी, तिसरी पोपच्या हेतूसाठी. पण पिंड नाही, नैवेद्य नाही. आत्मा जेवायला येतो अशी समजूतच नाही. मेणबत्ती वाऱ्याने विझली तर आत्मा अडकला असं काही बायका म्हणतात, त्याला काडीचा आधार नाही.

खरं काम त्या आठवड्यात वेगळंच असतं. १ ते ८ नोव्हेंबरमध्ये कब्रस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, मनातल्या मनात केली तरी, रोज एका मृतासाठी संपूर्ण दंडमुक्ती मिळवता येते. ती त्या दिवसांत फक्त मृतांनाच लावता येते. अटी: पापनिवेदन (आधी-नंतर सुमारे २० दिवसांत, एकच सगळ्यांना पुरतं), त्या त्या दिवशी कम्युनियन (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर), पोपच्या हेतूसाठी प्रार्थना (एक 'आमच्या बापा', एक 'नमो मरिये' पुरे), आणि कुठल्याही पापाची, लहानशाही, ओढ नको. शेवटची अट कठीण. ती चुकली की दंडमुक्ती अंशतः मिळते. लोक कब्रस्तानात जातात, फुलं वाहतात आणि कम्युनियन विसरतात, हे नेहमीचं.

निपाणीचा तर्कट
जुन्या प्रार्थनापुस्तकांत '३०० दिवसांची' असं छापलेलं असतंय. म्हणजे ३०० दिवस शिक्षा माफ? फर्लो?

कॅम्पकर
नाही. प्राचीन चर्चमध्ये ३०० दिवस उपास-प्रायश्चित्त केल्याने जेवढं साधलं असतं तेवढं, असा त्याचा अर्थ. शुद्धीस्थानात घड्याळ आणि कॅलेंडर धरायचंच नाही. लोक बेरजा करायला लागले, म्हणून १९६७ मध्ये पोप ६वे पौल यांनी दिवस-वर्षांचे आकडे काढूनच टाकले. आता फक्त 'संपूर्ण' आणि 'अंशतः'.

वेस्लीवाला
अटी, अपवाद, खुलासे, आणि चोराला मात्र एका वाक्यात मिळालं. मी एवढंच म्हणतो.

कॅम्पकर
आणि १ करिंथ ३:१५ मध्ये पौल म्हणतो, काम जळून गेलेला माणूस तरेल, पण जणू अग्नीतून. चोराचं काम तिथंच वधस्तंभावर जळून गेलं असं आम्ही वाचतो. तुम्ही वेगळं वाचता. पाचशे वर्षं मिटलं नाही, इथं काय मिटणार.

वेस्लीवाला
बरोबर. आणि एक तुमच्या बाजूचं: खुद्द वेस्लीही आत्मा थेट अंतिम स्वर्गात पोचतो असं म्हणत नव्हता. नीतिमान पुनरुत्थानापर्यंत सुखलोकात थांबतात आणि तिथं वाढत राहतात असं त्याचं मत. आमच्या मंडळीत हे फार कुणी सांगत नाही. बाकी दोन्हीकडे शेवट एकच, प्रकटीकरण २१: नवी पृथ्वी, उठलेली शरीरं. ढगात बसून वीणा वाजवणं कुठंच नाही.

शहापूरकर
मग शेवटचा प्रश्न, थोडा भीत भीत. हिंदू मृतासाठी मिस्सा सांगता येते का? आणि हिंदू माणूस त्यांच्या हिशेबाने सरळ नरकातच ना?

कॅम्पकर
दुसऱ्याचं आधी. कॅथलिक शिकवण तसं म्हणत नाही. १९६४ च्या लुमेन जेन्सियुम या दस्तऐवजातला १६वा परिच्छेद: ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्त कळला नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे जगतात, ते तरू शकतात. आपोआप तरतात असंही नाही, बंदी आहे असंही नाही.

मिस्सा सांगता येते. चर्चच्या कायद्यातला क्रमांक ९०१: फादर कुणासाठीही मिस्सा अर्पू शकतात, जिवंत असो वा मृत. धर्माची अट त्यात नाही.

वेस्लीवाला
आमच्याकडे यावर एकमत नाही. काही जण ख्रिस्ताशिवाय कुणी नाही असं ठाम सांगतात, काही जण न्याय देवावर सोडतात. वेस्ली स्वतः दुसऱ्या गटाकडे झुकतो.

शहापूरकर
करायचं कसं? कार्यालयात काय सांगायचं?

कॅम्पकर
पॅरिश ऑफिसात मिस्सा-नोंदवही असते. मृताचं नाव, हेतू ('आत्म्याच्या शांतीसाठी'), हवी ती तारीख आणि वेळ, आणि सांगणाऱ्याचं नाव, एवढं लिहून घेतात. रविवारची एक मिस्सा पॅरिशच्या सगळ्या लोकांसाठी राखीव असते, ती मागू नका. त्यामुळे आठवड्यातला दिवस लवकर मिळतो. कोणत्या भाषेतली मिस्सा ते नक्की विचारा, नाहीतर मराठी पाहुणे कोकणी किंवा कन्नड मिस्साला जाऊन बसतात. दान किती ते बिशप ठरवतात, ते मिस्साची किंमत नव्हे, आणि नसेल तर तसं सांगा. गरजूंसाठी दान न घेताही मिस्सा करावी असं कायदाच सुचवतो. एका मिस्साला एकच हेतू, ही मूळ रीत. तुमचं नाव चार-पाच नावांत घालणार असतील तर आधी तुमची संमती विचारायला हवी. नोव्हेंबरात पाकिटात सगळ्या मृतांची नावं लिहून द्यायची पद्धत आहे, तिथंही हिंदू नाव चालतं. अक्षर तेवढं नीट काढा, वाचणारे फादर मंगळूरचे असू शकतात.

कम्युनियनला मात्र रांगेत उभं राहायचं नाही. बसून राहा, कुणी काही म्हणत नाही.

घटप्रभा एक्स्प्रेस
आणि नंतर जेवण?

वेस्लीवाला
त्यावर दोन्ही पंथांचं एकमत आहे.